सात फूट, दोष नाही

पळसटोला, पो. केशोरी
४ ऑक्टोबर २००४

दादा,

आई म्हणते आधी नमस्कार लिही, तर नमस्कार. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. केशोरीच्या फोनच्या टपरीवर हल्ली बकारामकाकांचा साळा बसतो, आणि आपण तिथं बोललेलं आपल्याआधी गावात पोहोचतं. पत्र फोडायला माणूस निदान थोडा लाजतो.

बाबा तलावाच्या पाळीवरून घसरले. उजवा हात मनगटाच्या वर मोडला आहे. अर्जुनीला नेऊन प्लास्टर घातलं. जेवतात, झोपतात. तू धावत येण्यासारखं काही नाही.

एक विचारायचं आहे. तू पंधरा ऑगस्टला पाणी संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसवून दिलास, ज्यावर तलावात किती फूट पाणी आहे ते दिसतं. तो कधी चुकीचा आकडा दाखवू शकतो का? मागचा सगळा आठवडा तो सात फूट दाखवत होता, आणि खाली तुझ्या त्या हिरव्या अक्षरांत ‘दोष: नाही’. बुधवारी सकाळी मी कामावर त्याच्यासमोर बसले असताना साताचे एकदम चार झाले. खालच्या अंगाच्या धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या आहेत. उशिरा येणाऱ्या भारी धानाच्या लोंबीत आत्ता दूध भरायचं, तर जमिनीला भेगा. लोक फार तापले आहेत.

लवकर उत्तर पाठव. गंमत करू नकोस, सरळ लिही.

चेतना


पुणे
१० ऑक्टोबर २००४

चेतनाबाई,

बाबांना सांग, या वयात पाळीवर अंधारात फिरू नका. शंभर वेळा सांगितलं. म्हणूनच तर मशीन बसवलं ना, की ऑफिसात बसून पाणी दिसावं.

आता तुझा प्रश्न. नाचता येईना अंगण वाकडे, अशातली गत आहे तुमची. पाणी कमी पडलं की मशीन वाकडं! नीट ऐक. पाळीवरच्या खोलीत जे छोटं यंत्र आहे, ते पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यावरून उंची मोजतं. ऑफिसातला कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी त्याला रेडिओवरून हाक मारतो आणि आकडा मागतो. हाक पोहोचली नाही किंवा संबंध मध्येच तुटला, तर माझा प्रोग्राम कारण शोधतो आणि लाल अक्षरांत लिहितो. मी स्वतः इथं तार उपटून पाहिली आहे, लाल ओळ लगेच आली. हिरवं ‘दोष: नाही’ असेल तर आकडा खरा. प्रोग्राम मी लिहिला आहे, एखाद्या भोंदू बाबानं नाही.

तीन फूट पाणी हवेत उडून जात नाही. तुडुमाचं दार कोणीतरी वर करून पाणी सोडलं असणार, चांगलं रात्रभर. त्या रात्री पाळीवर कोण होतं ते बघा आणि त्याचं चामडं सोला. गावाचं पाणी चोरणाऱ्याला आपल्या आजोबांच्या काळी तुडुमाच्याच खांबाला बांधायचे.

दसऱ्याला सुट्टी नाही. दिवाळीला येतो.

धर्मेंद्र


पळसटोला
१७ ऑक्टोबर २००४

दादा,

तुझं पत्र पोस्टमननं ऑफिसात आणून दिलं. मी उघडलं तेव्हा संस्थेचे अध्यक्ष उदारामजी पाठीशी उभे होते. त्यांनी वाचलं, आणि मग मोठ्यानं वाचलं. “पाहा, खुद्द पोरगाच लिहून राहिला. त्याचं चामडं सोला म्हनते.”

त्या रात्री पाळीवर बाबा होते.

तुडूम वर करायची किल्ली गेली कितीतरी वर्षं कोणाकडे असते? बाबा घसरले नाहीत. मी खोटं लिहिलं. तुझा राग मला माहीत आहे, म्हणून लिहिलं. आता सगळं ऐक.

बुधवारी साताचे चार झाले आणि तासाभरात अर्धं गाव पाळीवर. बकारामकाका सर्वांत पुढे, त्यांच्या बांध्या अगदी शेवटाला. बाबा म्हणाले, “मी तुडूम नेमून दिल्यापेक्षा बोटभर वर केलं नाई. पानी रोज उतरून राहिलं, मी रोज सांगतलं.” खरंच सांगत होते, दादा. रोज ऑफिसात येऊन सांगत होते, पाणी उतरलं, पाण्याच्या पाळ्या कमी करा. आम्ही त्यांना पडद्याकडे बोट दाखवायचो. मीसुद्धा. शेवटी घरी आईला म्हणाले, “माह्येच डोये गेले वाट्टे.” दरवर्षी ते तलावाच्या पायऱ्यांवर चुन्याचे पट्टे मारतात, एका फुटाला एक. यंदा तूच म्हणालास, आता पट्टे कायले, मशीन आहे. त्यांनी मारले नाहीत. मारले असते तर कोणीही बघून सांगितलं असतं.

उदारामजी म्हणाले, शपथ घ्या. तुला ठाऊक आहे आपली रीत. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, ओंजळीत तलावाचं पाणी घ्यायचं आणि बोलायचं. त्या पाण्याची खोटी शपथ आपल्यात कोणी घेत नाही, आणि खऱ्या शपथेवर कोणी शंका घेत नाही. बाबा उतरले. ओंजळ भरली. बकारामकाका वरून ओरडले, “बोल सुकराम, तू खोटा का मशीन खोटी?” बाबांनी ओंजळीकडे पाहिलं, पाणी सोडून दिलं आणि शपथ न घेता बाहेर आले.

बस. गावाला तेवढं पुरलं. बकारामकाकांनी बैलगाडीची उभारी, कडेचा दांडा, उपसली आणि पहिला तडाखा हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेला बांबू पायाखाली यावा तसा. मग पाचसहा जण तुटून पडले. लाथा, बुक्क्या, एकानं दगड. बाबा चिखलात पडले तरी थांबेनात. मी एकाच्या दंडाला चावले, तोंडात रक्त आलं, ते माझं की त्याचं कळलं नाही. आईनं स्वतःला बाबांच्या अंगावर टाकलं तेव्हा कुठे हात थांबले.

किल्ली काढून घेतली आहे. बाबा ओसरीवर बसून असतात. शपथ का घेतली नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणतात, “तुले नाई समजत.”

तू येऊ नकोस. आलास तर आणखी कोणाचं तरी डोकं फुटेल.

चेतना


पुणे
२३ ऑक्टोबर २००४

चेतना,

काल दसरा झाला. इथं लोक एकमेकांना सोनं वाटत होते आणि मी खोलीचं दार लावून बसलो होतो. भिंतीवर एवढे गुद्दे घातले की घरमालक वर आला.

तो बकाराम. आपल्या घरी जेवलेला माणूस. त्याचा तो हात कोपरापासून तोडला पाहिजे आणि त्याच तुडुमात टाकला पाहिजे. हे मी रागात लिहीत नाही, शांतपणे लिहीत आहे.

पण चेतना, एक गोष्ट मला झोपू देत नाही. बाबांनी शपथ का घेतली नाही? खरा माणूस ओंजळ सोडून देईल? मी माझा प्रोग्राम पुन्हा वाचला. हाक जाते, उत्तर येतं, नाही आलं तर कारण विचारलं जातं, कारण शून्य असेल तरच ‘दोष: नाही’. इथं पुन्हा चालवून पाहिला, चोख चालतो. मशीनला भाऊबंद नसतात, ते कोणाची बाजू घेत नाही. बाबांनी एखाद्याच्या भिडेखातर रात्री पाणी सोडलं असेल का? त्यांना नाही म्हणता येत नाही. असेल तर मला खरं सांगा. मी बापाला टाकणार नाही. पण खरं सांगा.

तसं असलं तरी मोडलेल्या हाताचा हिशेब वेगळा. मनिरामला मी परवाच पत्र टाकलं आहे. चुलत असला तरी तो सख्ख्याहून जवळचा. मी येईपर्यंत बकाराम दोन पायांवर चालता कामा नये, एवढंच लिहिलं.

धर्मेंद्र


पळसटोला
२ नोव्हेंबर २००४

दादा,

चालत नाही तो आता. तुझ्या मनासारखं झालं.

शुक्रवारी बकारामकाका धान पाहून परत येत होते. मनिराम नहराच्या पुलावर बसला होता, कुऱ्हाड टॉवेलात गुंडाळून. पहिला घाव पायावर घातला. तिथंच थांबला असता तर तू सांगितलेलं झालं असतं. पण काकांनी खाली पडल्या पडल्या त्याची कॉलर धरली, आणि मनिरामचा हात थांबला नाही. खांदा, मान, कानशील. पुलावरचं रक्त ओघळून नहराच्या कोरड्या तळाशी गेलं. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं आहे, शुद्ध नाही. मनिराम स्वतःच कुऱ्हाड घेऊन पोलिसांकडे गेला. विचारलं तर एवढंच म्हणाला, “सुकरामकाकाचा हात मोडला त्यानं.” तुझ्या पत्राचं नाव काढलं नाही.

बकारामकाकांच्या रुख्माकाकू आपल्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. आईला म्हणाल्या, “जमुना, मी तुह्या पोराच्या छटीले आली होती व.” आणि गेल्या. आई तेव्हापासून जेवली नाही.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. पण तू विचारतोस ते मलाही डाचत होतं. म्हणून काल ऑफिस रिकामं असताना मी खुर्चीवर चढून रेडिओची तार काढली. त्याआधी पडद्यावर तीन फूट दहा इंच होतं. मी बसून राहिले. अर्धा तास. आकडा तीन फूट दहा इंचच. घड्याळ पुढे सरकत होतं. आणि खाली, दादा, हिरव्या अक्षरांत ‘दोष: नाही’. मी तार हातात धरून बसले होते आणि तुझं मशीन मला सांगत होतं की काही बिघडलेलं नाही.

मग पाळीवर गेले. खोलीच्या छपरावरची तार ठिकठिकाणी चिकटपट्टीनं जोडलेली. लाइनमन म्हणाला, माकडांनी तोडली होती, मंगळवारी संध्याकाळी दिसली, बुधवारी सकाळी जोडली. बुधवारी सकाळीच साताचे चार झाले.

म्हणजे तो सगळा आठवडा आम्ही मेलेला आकडा बघत होतो. सात फूट आहे म्हणून जादा पाळ्या दिल्या, मीच रजिस्टरवर सही केली, आणि पाणी गेलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून, वरच्या अंगाच्या बांध्यांत गेलं, खालच्यांपर्यंत पुरलं नाही. चोर कोणी नव्हताच.

तू लिहितोस, तार उपटून पाहिली आणि लाल ओळ आली. कोणत्या कॉम्प्युटरवर पाहिली?

चेतना


पुणे
८ नोव्हेंबर २००४

चेतना,

माझ्या कॉम्प्युटरवर. लिनक्सच्या. ऑफिसातला विंडोजचा आहे.

एवढ्या एका ओळीत सगळं आलं, पण तुला समजायला हवं, कारण आता तुझ्याशिवाय तिथं हे कोणाला सांगता येणार नाही.

हाक मारणारं जे फंक्शन असतं, ते फसलं की उणे एक परत देतं. दोन्हीकडे तसंच. का फसलं ते मात्र दुसरीकडे ठेवलेलं असतं. लिनक्समध्ये ते एका ठरलेल्या जागी ठेवतात, आपण तिथं जाऊन वाचायचं. विंडोजमध्ये नेटवर्कचं कारण त्या जागी ठेवतच नाहीत. तिथं ते वेगळं मागून घ्यावं लागतं, आणि तेही लगेच, नाहीतर पुढचं काम त्यावर आपलं काहीतरी लिहून जातं. ती जुनी जागा विंडोजमध्येही आहे बरं का. नाव तेच. म्हणून माझा प्रोग्राम तिकडेही विनातक्रार तयार झाला. फक्त ती जागा रिकामी असते. शून्य.

मी लिहिलं होतं: उणे एक आलं तर त्या जागेतलं कारण परत दे. आणि वरच्या ओळीत: शून्य परत आलं तर सगळं ठीक. विंडोजवर काय होत होतं ते बघ. हाक फसली, प्रोग्रामला कळलंही की फसली, तो कारण विचारायला भिंतीतल्या चुकीच्या देवळीत हात घालून आला, हात रिकामा, म्हणून म्हणाला दोष नाही. आणि मघाचाच सात फुटांचा आकडा पुन्हा पुसून चकचकीत करून मांडला.

झेंडावंदनाच्या दिवशी उद्घाटन ठरलं होतं. विंडोजवर मी फक्त आकडा येतो का ते पाहिलं, आला, नारळ फोडला. तार तोडून पाहायला वेळ नव्हता. नव्हता कसला, सुचलंच नाही. आणि मग बाबांचा शब्द, तुझा शब्द, कोरड्या बांध्या, सगळ्यांपेक्षा मला ते हिरवं अक्षर खरं वाटलं. मी बापाला चोर म्हटलं गं. लिहून पाठवलं.

सोबत सीडी आहे. आता कारण विचारायचं काम एकाच फंक्शनकडे दिलं आहे. आपण कुठल्या घरात आहोत, लिनक्सच्या की विंडोजच्या, ते आधी बघायचं आणि त्या घरच्या रीतीनं विचारायचं. दोषांचे आकडेही दोन्हीकडे वेगळे आहेत, संबंध तुटला याला तिकडे एक नंबर आणि इकडे भलताच, म्हणून दोन्हींना मिळून माझी स्वतःची नावं दिली. कारण सापडलं नाही तरी उणे एक म्हणजे दोषच. असा दोष आला की आकडा पुसला जाईल आणि लाल अक्षरांत येईल: तलावाशी संबंध तुटला. बसवलीस की आधी तार काढून बघ.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. मग संस्थेत दाखव. मी रजा मागितली आहे. येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो.

धर्मेंद्र


पळसटोला
१९ नोव्हेंबर २००४

चिरंजीव धर्मेंद्र यास,

बाबा बोलत आहेत आणि मी त्यांचे शब्द तसेच उतरवत आहे. त्यांनी मला मध्ये काही घालायचं नाही म्हणून बजावलं आहे. चेतना.

पोरा, चेतनानं तुह्यं पत्र वाचून दाखवलं. देवळीचं समजलं. बाकीचं समजलं नाई, पन तार काढली का लाल अक्षर येते, ते मी माह्या डोयानं पायलं. बेस केलं.

बकाराम गेला. दिवाळीच्या पयल्या दिवशी. जाग आलीच नाई त्याले. त्याचा मोठा पोरगा सरण इझायच्या आधी बोलला, ज्याच्यापासून हे सुरू झालं त्याले मी कापीन. त्याले वाटते ते मीच. चेतना तुह्यं पत्र घेऊन संस्थेत चालली होती. मी तिले दारात आडवलं. ते पत्र गावानं वाचलं असतं त त्या पोट्ट्यानं पुण्याची गाडी पकडली असती.

तू इचारलं होतं मी शपथ काऊन नाई घेतली. चेतनानं ते पत्र लपवलं होतं, मले तिच्या उशीखाली सापडलं. आरे, मले इचारलं, तू खोटा का मशीन खोटी. मी खरा म्हनतलं असतं त मशीन खोटी झाली असती. मशीन कोनाची? पंधरा ऑगस्टले साऱ्या गावानं तुह्या गळ्यात हार घातला तवा मी मांगं उभा होतो. मले वाट्टे माह्या जल्मात मी तेवढा कधी खुश नाई झालो. ते माह्या तोंडानं कसं खोटं पाडू? आन् मनात हेही होतं का पोरगा शिकलेला, माह्ये डोये म्हातारे, तोच खरा असन.

म्हनून काल मी तलावात उतरलो. कोनी बोलावलं नव्हतं, मीच साऱ्याइले बोलावलं. डाव्या हातात पानी घेतलं, उजवा वर होत नाई. शपथ घेतली का तुडूम मी उघडलं. मशीन बराबर होती, मी चोर होतो. बकारामचा पोरगा कुऱ्हाड घेऊन होता. त्यानं मले पायलं, मोडलेला हात पायला, थुकला आन् गेला. म्हाताऱ्याले कोन कापते?

मनिरामले तू धाडलेलं पत्र त्याच्या मायनं मले आनून देलं. मी चुलीत टाकलं. त्यानं कोनाले सांगतलं नाई, सांगनारही नाई. आता तुह्या नावाचं इथं काईच नाई.

तू येऊ नको. आता येऊन खरं सांगशील त तुह्या बापानं तलावाची खोटी शपथ घेतली असं होईन. चोर म्हनून जगता येते, जगून राहिलो. खोट्या शपथेवाल्याच्या हातचं पानी आपल्यात कोनी पीत नाई. समजून घे.

तब्येतीले जप.

सुकराम


पुणे
२५ नोव्हेंबर २००४

बाबा,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि तिथंच मोठ्यानं रडलो. लोक गोळा झाले. काय झालं म्हणून विचारत होते, आणि माझ्या तोंडातून निघालं, काही नाही.

मग मला माझीच भीती वाटली. तो प्रोग्राम मी कुठल्या स्वभावातून लिहिला ते कळलं.

तुम्ही सांगितलेलं मी समजून घेतलं आणि ऐकणार मात्र नाही. बकारामकाका मेले. मनिराम फासाच्या वाटेवर आहे आणि त्याच्या हातात कुऱ्हाड मी दिली. चुलीत घातलेलं पत्र मला पाठ आहे, चारच ओळींचं होतं. पोलिसांना ते म्हणून दाखवीन. मशीनबद्दल गावाला सांगीन. रुख्माकाकूंच्या दारात जाईन. त्यांच्या मोठ्यानं जे करायचं ते करावं.

तुमची शपथ खोटी पडेल. गाव तुमच्या हातचं पाणी पिणार नाही, हे मला माहीत आहे. मी पिईन. आई पिईल, चेतना पिईल. तेवढ्यावर जगा बाबा, पण चोर म्हणून जगू नका.

सोमवारी निघतो. केशोरीच्या फाट्यावर कोणी घ्यायला येऊ नका. गोंदियाहून येताना चुना घेईन. घरी मागून येतो, आधी तलावावर जातो. पायऱ्यांवरचे पट्टे कुठून कुठे मारायचे ते सांगायला तेवढं तुम्ही या.

धर्मेंद्र